पावसाची सूचना आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस चार शब्द लिहिण्यास सांगितले, तेव्हा धान्याच्या घाऊक व्यापाराची सद्यःस्थिती हा ठरावीक विषयच त्यांच्या मनात असावा. त्या विषयावर आम्ही पूर्वी लिहिलेले आहे आणि वाचकांनी ते मोठ्या उदारपणाने सहनही केले आहे. यंदा धान्य बाजूस ठेवून माती आणि पाणी यांविषयी लिहावे असा आमचा विचार आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते; स्थापत्यशास्त्र अथवा हवामानशास्त्र आम्हांस अवगत आहे असा आमचा मुळीच दावा नाही. तथापि चाळीस वर्षे आभाळाकडे डोळे लावून पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्री ओढणाऱ्या माणसास पावसासंबंधी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, एवढ्याच भरवशावर आम्ही लेखणी उचलली आहे.

विषय निवडण्याचे कारण असे. आपल्या गोडादऱ्यात आज जिकडे पाहावे तिकडे बांधकाम चालू आहे. कोणा सभासदाचे नवे गोदाम उभे राहत आहे, कोणाचे दुकानांचे गाळे, कोणाचे राहते घर. ही भरभराट पाहून कोणासही आनंद होईल. परंतु प्रत्येक बांधकामाबरोबर उकरलेल्या मातीचा एक ढीग येतो, आणि त्या ढिगावर पाऊस पडला म्हणजे तो ढीग आपल्या हद्दीत राहत नाही. तो गटारात जातो, गटारातून खाडीत जातो, आणि वाटेत कोणाच्या तरी घरात शिरतो. हे टाळण्याचे एक साधन आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे; ते म्हणजे दूरध्वनीवर येणारी हवामान खात्याची सूचना. ही सूचना आपण बातमी म्हणून वाचतो. ती बातमी नव्हे, ती कामाची चिठ्ठी आहे, हे एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या वाचकांपैकी बरेच जण आमच्यासारखेच खानदेशातून येथे आलेले. धुळे, अमळनेर, चोपडा, नंदुरबार ही आपली मूळ गावे. तापीमाईची आणि आपली ओळख सुरतेत झालेली नाही. मध्यप्रदेशात मुलताईस उगम पावून भुसावळवरून ती आपल्याच मुलखातून येथे येते. तिच्या पुराची आठवण जुन्या माणसांस सांगावयास नको. १९६८ सालचा पूर वडील मंडळींच्या तोंडून आम्ही ऐकला आणि २००६ सालच्या ऑगस्टमधला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. उकाई धरणातून लक्षावधी क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्या अनुभवाने शहर शहाणे झाले. महानगरपालिका, सिंचन खाते, तज्ज्ञ मंडळी आणि आपल्या दक्षिण गुजरातच्या व्यापारी महामंडळासारख्या संस्था एकत्र येऊन पुराची पूर्वसूचना देण्याच्या व्यवस्थेस हात घालण्यात आला. उकाई सुरतेपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. धरणातून पाणी सुटले की ते शहरास पोहोचेपर्यंत काही तास मिळतात, आणि त्या तासांत माणसे व माल वरच्या मजल्यावर नेता येतो. नदीचा पूर असा निरोप धाडून येतो.

खाडीच्या पुराचे तसे नाही. मिठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी या खाड्यांना वर कोठे धरण नाही आणि दारे उघडल्याचा भोंगाही नाही. पलसाणा, कामरेज या बाजूस मुसळधार पाऊस झाला, की ते पाणी सरळ आपल्या वस्तीच्या दिशेने चालू लागते. त्यात समुद्राला भरती असली म्हणजे खालची वाटही तुंबते. २०२४ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २३ जून २०२५ रोजी हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्या सोमवारी आर्द्रा नक्षत्र नुकतेच लागले होते. शाळा सोडून द्याव्या लागल्या आणि लिंबायत, पर्वत पाटिया, गोडादरा या बाजूंस लोक गुडघाभर पाण्यातून वाट काढीत होते.

या दोन पुरांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. परंतु एक तिसरा पूर आहे, त्याचा उल्लेख कोठेही येत नाही, कारण तो एका गल्लीपुरता असतो. तो नदीने आणलेला नसतो आणि खाडीनेही नव्हे. तो आपण स्वतः आणलेला असतो. असा एक पूर आमच्या हातून आला होता. तो प्रसंग सांगण्यात आमची शोभा नाही. परंतु दुसऱ्याचे दोष सांगून उपदेश करण्यापेक्षा स्वतःची चूक सांगून केलेला उपदेश अधिक पचतो, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही जुन्या वखारीस लागून नव्या गोदामाचे काम काढले. पाया खोदून निघालेली काळी माती रस्त्याच्या कडेला रचली होती. शेजारीच पर्जन्यवाहिनीची जाळी. माती उचलून नेण्याचे गाडीभाडे आज द्यावयाचे की उद्या, यावर आमची आणि कंत्राटदाराची आठ दिवस घासाघीस चालली होती. आषाढाचे दिवस होते. दुपारी दूरध्वनीवर नारिंगी सूचना आली. ती आम्ही वाचली. वाचून कुटुंबाच्या गटात पाठविली, खाली हात जोडल्याचे चित्र टाकले, आणि संध्याकाळी घरी भजी करावीत असे सुचविले. यापलीकडे त्या सूचनेचा आम्ही काहीही उपयोग केला नाही. दहा पावलांवर ताडपत्र्यांची चळत पडलेली होती. पोत्यांवर त्या टाकण्यास आम्ही विसरलो नाही, कारण पोती आमची होती. मातीवर टाकण्याचे मनातही आले नाही, कारण माती कोणाची असते?

रात्री पाऊस झाला. फार मोठा नव्हे. त्या दिवशी खाडीला पूर नव्हता आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची एक ओळही नव्हती. परंतु आमच्या ढिगाची माती जाळीत बसली, वाहिनीचे तोंड बंद झाले आणि मागच्या गल्लीत चिखलाचे पाणी घरांतून शिरले. त्या गल्लीत आमच्याच वखारीत पोती वाहणारा एक वृद्ध हमाल राहतो. त्याच्या घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून भरून ठेवलेली ज्वारी भिजली, नातीची वह्यापुस्तके भिजली, अंथरूण-पांघरूण भिजले. ती ज्वारी त्याने आमच्याच दुकानातून नेली होती.

सकाळी तो नेहमीच्या वेळेस कामावर आला आणि एक शब्दही बोलला नाही. आम्हांस दिवाणजीकडून कळले. आम्ही लागलीच एक पोते ज्वारी त्याच्या घरी पाठविली आणि आपण मोठे धर्मकृत्य केले अशा समजुतीने गादीवर बसलो. दुपारी तो समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शेठजी, धान्य राहू द्या. तेवढा मातीचा ढीग हलवा. पावसाळा अजून सरला नाही." चाळीस वर्षांच्या धंद्यात आम्हांस इतक्या मोजक्या शब्दांत कोणी हिशेब दाखविला नव्हता. आभाळातून आले ते पाणी होते. चिखल आमचा होता.

महानगरपालिकेची नोटीस पुढे आली व दंडही भरला. त्याचे काही विशेष नाही. दंड भरला म्हणजे खाते मिटते असे समजण्याची आपल्याला सवय आहे. ते खाते मिटत नाही म्हणून आम्ही बैल गेल्यावर झोपा करावयास बसलो. परंतु झोपा नीट केला आणि पुढे दोन पावसाळे तो टिकला, म्हणून त्याची रीत सभासद बंधूंपुढे ठेवतो.

प्रथम पावसाचा हिशेब समजून घ्यावा, कारण व्यापाऱ्यास आकड्यावाचून कोणतीच गोष्ट पटत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. आता सुमारे बाराशे वारांचा, म्हणजे एक हजार चौरस मीटरचा भूखंड घ्या. हवामान खाते चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडणाऱ्या पावसास जोरदार म्हणते, ११५.६ पासून पुढे अतिजोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. त्या भूखंडावर जोरदार पावसाच्या पहिल्या पायरीलाच चौसष्ट हजार पाचशे लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे सहा टँकर पुरे भरून सातवा अर्धा व्हावा एवढे. अतिजोरदार पावसात अकरा टँकरांहून अधिक, आणि अत्यंत जोरदार पावसात वीस टँकरांहून अधिक. आपल्या जागेत कोणी वीस टँकर पाणी एका रात्रीत ओतणार आहे असे दुपारी कळले, तर आपण भजी तळीत बसू काय? गवताळ जमिनीत यांतले पुष्कळ पाणी जिरते. उकरलेल्या, रोलरने दाबलेल्या किंवा फरशी टाकलेल्या जागेत ते जिरत नाही. ते उतार शोधते आणि जाताना सुटी माती बरोबर घेऊन जाते.

आता सूचनांविषयी. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्यास दीडशे वर्षे झाली. आमच्या लहानपणी मृगाचे वाहन बेडूक की म्हैस, हे पंचांगात पाहून वडील मंडळी खरेदीचा अंदाज बांधीत. त्या श्रद्धेची आम्ही थट्टा करीत नाही. परंतु आज त्याहून नेमके साधन हाती आहे. खाते पुढील काही दिवसांचा इशारा जिल्हावार देते, आणि ढग जवळ आले म्हणजे पुढील तीन तासांचा तातडीचा इशाराही देते. 'मौसम', विजेसाठी 'दामिनी', आणि आपत्तींच्या सर्व इशाऱ्यांसाठी 'सचेत' अशी दूरध्वनीवरील साधने फुकट मिळतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पाच दिवसांचा अंदाज हा वायदा आहे आणि तीन तासांचा इशारा हा हजरचा भाव. वायदा पाहून आठवड्याची कामे लावावीत. हजर पाहून ताडपत्री ओढावी. जो वायद्यालाच हजर समजतो तो फसतो, आणि जो वायदा पाहतच नाही तोही फसतो.

इशाऱ्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे चिंता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. रंग समजणे सोपे आहे. कठीण आहे ते रंगास काम जोडणे. आम्ही ते पुढीलप्रमाणे जोडले.

पिवळा रंग आला की मुकादमाने त्याच संध्याकाळी जागेभोवती एक फेरी घालावयाची. पर्जन्यवाहिनीच्या जाळीजवळ माती, वाळू, खडी पडली आहे काय हे पाहावयाचे आणि असल्यास उचलून आत घ्यावयाची. ताडपत्र्या कोठे आहेत, त्यांस भोके किती, पंप चालतो काय, त्यात डिझेल आहे काय, हे हाताने तपासावयाचे. तोंडाने "आहे" म्हणणे चालणार नाही.

नारिंगी रंग आला की नवी खोदाई बंद. परंतु सर्व काम बंद नव्हे. आतले गिलाव्याचे, सळया बांधण्याचे काम चालू द्यावे आणि दोन माणसे बाहेर काढावीत. मातीच्या प्रत्येक ढिगावर ताडपत्री, तिच्या कडेवर वजन, आणि उताराच्या बाजूस वाळूच्या पोत्यांचा बांध. सिमेंट फळ्यांवर उंच. डिझेल, तेल, रंग यांचे डबे छपराखाली. जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात पाणी निवळण्यासाठी खणलेला खड्डा गाळ उपसून रिकामा. काँक्रीटचे यंत्र धुतलेले पाणी गटारात सोडावयाचे नाही. ते पाणी दिसते पांढरे, परंतु चुन्यासारखे दाहक असते.

लाल रंग आला की काम बंद, विजेची तार तोडलेली, आणि माणूस प्रथम. खोदलेल्या खड्ड्याच्या काठाशी मजुरांची झोपडी असेल तर ती रात्र होण्यापूर्वी रिकामी करून त्यांस पक्क्या छताखाली न्यावयाचे. माती सांभाळण्याच्या गडबडीत माणूस विसरला, तर त्या सांभाळण्यास काही अर्थ नाही.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी कोणताही रंग नाही: पाऊस थांबल्यानंतरची सकाळ. पायाच्या खड्ड्यात पाणी साठलेले असते, काम खोळंबलेले असते, आणि मुकादम पंप लावून ते गढूळ पाणी सरळ रस्त्यावर सोडतो. आमच्या पाहण्यात सर्वांत अधिक गाळ पावसाने नव्हे, तर या पंपाने गटारात जातो. पाणी निवळू द्यावे, वरचे स्वच्छ पाणी हळूहळू सोडावे आणि खालचा गाळ फावड्याने काढून जागेतच वापरावा. यास अर्धा दिवस अधिक लागतो. तो अर्धा दिवस आपला आहे. गटार सर्वांचे आहे.

या सर्वांची नोंद ठेवण्यासाठी आम्ही दिवाणजींकडून एक साधी वही घालून घेतली. रोजमेळाशेजारी तिची जागा. तीत सूचना किती वाजता आली, रंग कोणता, कोणी वाचली, कोणते काम कोणी केले, आणि सकाळी किती पाऊस मोजला एवढेच रकाने. पाऊस मोजण्याचे नळकांडे बाजारात स्वस्तात मिळते. हवामान खाते सकाळी साडेआठ ते साडेआठ असा पावसाचा दिवस धरते, म्हणून आम्हीही साडेआठलाच मोजतो. या वहीचा उपयोग दुहेरी आहे. महानगरपालिकेचा माणूस आला तर तोंडी सबबी सांगाव्या लागत नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्या नावापुढे काम लिहिलेले असते तो ते करतो. "सर्वांनी लक्ष ठेवावे" असे जेथे लिहिलेले असते तेथे कोणीच लक्ष ठेवीत नाही, हे आपण संस्थांच्या कारभारात पुष्कळदा पाहिले आहे.

आणखी एक लहानशी युक्ती. सूचना येते मालकाच्या दूरध्वनीवर, आणि फावडे असते मजुराच्या हातात. मजूर कोणी खानदेशचा, कोणी ओडिशाचा, कोणी बिहारचा. प्रत्येकास वाचून दाखविणे होत नाही. सुरत हे कापडाचे शहर. येथे पिवळे, नारिंगी व लाल कापड मिळण्यास काय वाण? आम्ही त्या तीन रंगांची निशाणे शिवून घेतली आणि प्रवेशदारावरील बांबूस लावण्याची व्यवस्था केली. आता मालक गावी गेला तरी निशाण पाहून काम चालते.

कायद्याविषयी थोडक्यात. १९७४ सालच्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने प्रवाहात किंवा गटारात दूषित पदार्थ जाणूनबुजून जाऊ देण्यास मनाई केली आहे. बांधकामाच्या राडारोड्यासंबंधी २०१६ साली केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांतही राडारोडा रहदारीस, जनतेस किंवा गटारांस अडथळा होईल असा टाकू नये, ही जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकलेली होती. त्या नियमांची जागा घेणारे नवे नियम २०२५ साली जाहीर झाले आहेत. म्हणजे "आम्हांस माहीत नव्हते" ही सबब राहिलेली नाही. आणि हातात नारिंगी सूचना असताना तर "अकस्मात पाऊस आला" ही सबबही राहिलेली नाही. सूचना मिळाल्यावर अपघात हा अपघात राहत नाही. तो हलगर्जीपणा होतो.

परदेशात हे कसे चालते तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत एक एकर किंवा अधिक जमीन उकरणाऱ्या बांधकामास पावसाच्या पाण्यासंबंधी परवाना घ्यावा लागतो. तेथील संघ सरकारच्या परवान्याप्रमाणे अशा जागेची तपासणी दर सात दिवसांनी करावी लागते. किंवा दर चौदा दिवसांनी केली, तर शिवाय चोवीस तासांत पाव इंच पाऊस पडला की पुढच्या चोवीस तासांत पुन्हा करावी लागते. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर! आपल्याकडे त्यास पाऊस म्हणण्याचीही कोणी तसदी घेणार नाही. आषाढात तेवढा पाऊस चहा पिऊन होईपर्यंत पडतो. त्यांचा नियम जसाच्या तसा येथे आणावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्याकडे सरी तुरळक पडतात ते पाव इंचास भितात, आणि ज्यांच्याकडे चार महिने कोसळतो ते निर्धास्त आहेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की सूचना पुष्कळदा खोटी ठरते. हे खरे आहे. इशारा संपूर्ण सुरत जिल्ह्यासाठी असतो. उमरपाड्याच्या डोंगरात कोसळले आणि गोडादऱ्यात थेंबही नाही असे आमच्या वहीत वारंवार लिहिलेले आहे. परंतु कोरड्या गेलेल्या इशाऱ्याची किंमत काय? दोन माणसांची अर्धा दिवसाची मजुरी आणि ताडपत्री घालण्या-काढण्याचे श्रम. वर्षभर गोदामाच्या विम्याचा हप्ता भरून आग लागली नाही, म्हणून कोणी विमा कंपनीस शिव्या देत नाही.

दुसरा आक्षेप कंत्राटदारांचा: ढग पाहून काम थांबविले तर इमारत उभी कधी राहणार? यास उत्तर असे की काम थांबवावयाचे नसून कामाचा क्रम बदलावयाचा आहे. जो कंत्राटदार ज्येष्ठात खोदाई उरकतो त्यास आषाढात रडावे लागत नाही. आणि मालकानेच करारपत्रात माती झाकण्याचा, वाहून नेण्याचा व पाणी निवळण्याचा खर्च प्रथमपासून धरला, तर कंत्राटदारही कुरकुर करीत नाही. आम्ही तो धरला नव्हता. गाडीभाड्याची घासाघीस करीत बसलो होतो. दोष कंत्राटदाराचा म्हणून सांगणे सोपे होते, परंतु खरे झाले नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. खाड्या अरुंद झाल्या, नाले बुजले, वाहिन्या वेळेवर साफ होत नाहीत; मग आमच्या एका ढिगाने काय बिघडते? यातील पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे, आणि त्यासाठी आपल्या संघटनेने महानगरपालिकेकडे सतत मागणी केली पाहिजे. परंतु मागणी करणाऱ्याचे हात आधी स्वच्छ असावे लागतात. खाडी अरुंद झाली ती आकाशातून काही पडून नव्हे; तुमच्या-आमच्या ढिगांनीच झाली. मापात पाप करणाऱ्या दुकानदाराने सरकारी वजनकाट्याची तक्रार करावी, तसे ते होईल.

आपल्या समाजात घरोघरी पाणी गाळून पिण्याची रीत आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवास इजा पोहोचू नये म्हणून आपल्या माता-भगिनी नळासही फडके बांधतात, आणि चातुर्मासात साधुसाध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात ते याचसाठी, की पावसाळ्यात ओली भूमी जीवांनी भरलेली असते. घरात पाणी गाळून पिणाऱ्यांनी रस्त्यावर गाळ सोडावा, ही विसंगती आम्हांस त्या प्रसंगापूर्वी कधी दिसली नव्हती. आता ती दिसल्यावाचून राहत नाही. यापेक्षा अधिक लिहिणे म्हणजे प्रवचन होईल, आणि तो आमचा अधिकार नव्हे.

म्हणून संघटनेपुढे आमच्या तीनच सूचना आहेत. पहिली, ज्येष्ठ महिन्यात ज्या सभासदांची बांधकामे चालू असतील त्यांच्या जागांस दोन-तीन जाणत्या सभासदांनी मित्रभावाने भेट द्यावी. चूक दिसल्यास चहा पिता पिता सांगावी. दुसरी, ताडपत्र्या, वाळूची पोती आणि एक चांगला पंप संघटनेने सामाईक विकत घ्यावा. ज्याचे लहानसे घरकाम आहे त्यास हे सर्व स्वतः घेणे परवडत नाही. तिसरी, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत शुभेच्छांच्या जाहिरातींपैकी एक पान कमी करून तेथे हे चार रंग व त्यांची कामे छापावीत. ते पान कापून मुकादमाच्या खोलीत चिकटविता येईल. शुभेच्छा आपण एकमेकांस तोंडीही देऊ शकतो.

आमचे गोदाम आता पूर्ण झाले आहे. बाहेर मातीचा ढीग नाही. परंतु नळकांडे आणि वही आम्ही बंद केलेली नाहीत, कारण शेजारी दुसऱ्यांची कामे चालू आहेत आणि त्यांस निरोप देणे आम्ही आपले काम समजतो. तो वृद्ध हमाल अजून आमच्याकडे येतो. पोती उचलणे त्यास होत नाही, म्हणून सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजण्याचे काम आम्ही त्याच्याकडे दिले आहे. तो नळकांडे डोळ्यांसमोर धरून रेघ पाहतो, आकडा दिवाणजींस सांगतो आणि मग मागच्या गल्लीतल्या जाळीपर्यंत एक फेरी घालून येतो. ती फेरी आम्ही त्यास सांगितलेली नाही.

सभासद बंधुभगिनींनी या पावसाळ्यात आपल्या दूरध्वनीवर रंग उमटताच तो दुसऱ्यास पाठविण्यापूर्वी एकदा आपल्या कामाच्या जागेवर जाऊन यावे, एवढी विनंती करून हे चार शब्द पुरे करतो.